नवरदेवाच्या शेजारी

वर्ष १९३७. मे महिना सरत आला आहे, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरवडा झाला. तू फैजपुरात आहेस. विशी नुकतीच गाठली आहेस आणि उद्या गोरज मुहूर्तावर तुझं लग्न लागणार आहे.

अजून उजाडलेलं नाही. घर पाहुण्यांनी भरलंय म्हणून तू ओट्यावर पडला आहेस. कुणीतरी तुझ्या पायाचा अंगठा धरून हलवतं.

"ऊठ भो, डहाये आनाले जाचं हाये."

डोळे न उघडताच तुला कळतं की हा सुताराचा पोरगा. गाडी त्यानेच जुंपलेली असते. गाडीत आणखी दोघं बसलेत. एक रंगाऱ्याचा मुलगा, दुसरा सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी भिल्ल, जो रात्रीच चालत गावात पोचला आणि कुणाला उठवायला नको म्हणून गोठ्यात बैलांजवळ झोपला. मांडवावर घालायच्या डहाळ्यांना नवरदेवाने जायची गरज नसते, भाऊबंद आणतात. पण आज तुला हळद लागणार आहे. एकदा हळद लागली की गावाची शीव ओलांडायची नाही, एकट्याने फिरायचं नाही. मोकळेपणाने या तिघांबरोबर गाडीत बसायची ही शेवटची वेळ, हे चौघांनाही ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

गाडी उत्तरेला निघते. पुढे सातपुड्याची काळी रेघ आहे. दोन्ही बाजूंना नांगरून तापायला टाकलेली काळी जमीन, मधे एखाद्या विहिरीवर केळीचा हिरवा तुकडा, तिथे मोट सुरू झालेली. आंबा, जांभूळ, उंबर, एकेका झाडाला हात जोडून फांदी तोडायची. तडवी झाडावर असा चढतो की पान हलत नाही. खाली तू दोन्ही हात पसरून उभा, वरून डहाळी येते, तू झेलतोस. परतताना गाडी हिरवीगार भरलेली असते आणि तुम्ही चौघं त्या पाल्यात मानेपर्यंत बुडालेले.

तुझं नाव कुठल्या पुस्तकात नाही, या तिघांचंही नाही. लग्नाची नोंद ठेवावी असं तुमच्यात कुणी मोठं नाही. पण तुम्ही चौघं एकमेकांना सापडलात ती जागा इतिहासात आहे. ती समजून घ्यायला पाच महिने मागे जावं लागेल.

डिसेंबर १९३६. काँग्रेसचं अधिवेशन आजवर शहरांत भरत आलेलं. गांधीजींचा आग्रह होता की ते खेड्यात भरावं, आणि त्यासाठी निवड झाली तुझ्या गावाची. हे पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलंच. गावाबाहेरच्या शेतांत एक नगर उभं राहिलं, त्याला नाव दिलं टिळकनगर. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले. त्यांनी विटा-सिमेंट मागितलं नाही. बांबू, चटया, गवत, इथल्या गाड्या, इथली भांडी, जे खेड्यात असतं त्यातूनच सजावट करायची असं ठरलं. शंकरराव देव आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखी माणसं राबत होती. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून १९३० साली चळवळीत उतरलेले साने गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडून माणसं जोडत होते. तू त्या जोडल्या गेलेल्यांपैकी एक.

तुझ्याकडे बाबांची बैलजोडी होती म्हणून तुला पाणी वाहायचं काम मिळालं. सुताराच्या पोराला बांबू चिरायचं. तडवी डोंगरातून बांबूच्या गाड्या घेऊन आला आणि परत गेलाच नाही, हातात कोयता घेऊन सुताराशेजारी बसला. फैजपूर कापसाच्या कापडावरच्या छपाईसाठी आणि गडद निळ्या-तांबड्या रंगांसाठी जुन्या काळापासून ओळखलं जाणारं गाव, तेव्हा रंगाऱ्याच्या घरची पिंपं दिवसरात्र भरलेली. त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तुम्ही एकाच मुलखातले, तरी त्याआधी कधी एकत्र बसला नव्हता. प्रत्येकाची आळी वेगळी, पाणवठा वेगळा, आणि तडव्याचा तर पाडाच वेगळा. टिळकनगरात मात्र कामाची पाळी होती आणि पाळी संपली की थंडी.

त्या थंडीने तुम्हाला एका गाडीखाली आणलं. घोंगड्या दोन आणि माणसं चार. रात्री कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर बामणोदची हिरवी वांगी भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. पहिल्या रात्री चौघांनी चार दिशांना तोंडं करून खाल्लं. तिसऱ्या रात्री एकच भाकरी चौघांच्या हातून फिरली. कुणी ठरवलं नव्हतं. भूक होती, काळोख होता आणि भरीत गरम होतं.

आणि मग तो दिवस. २५ तारखेला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडलं होतं. माणसांचे लोंढे सावदा स्टेशनवर उतरत होते, गाड्यांनी येत होते, चालत येत होते. बैल जुंपलेल्या रथातून अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला गर्दी आवरायला स्वयंसेवकांची साखळी केली होती. तू उजव्या हाताने रंगाऱ्याचं मनगट धरलंस, डाव्याने तडव्याचं. त्याच्या पलीकडे सुतार. मागून रथ येत होता, बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. पण तुमची तोंडं गर्दीकडे होती. मागे वळून पाहिलं तर साखळी सुटली असती, म्हणून चौघांपैकी कुणीही वळलं नाही. ज्यांना पाहायला लाखभर माणूस लोटला होता ते पंडितजी तुमच्या पाठीमागून गेले. तुम्ही पाहिल्या त्या समोरच्या हजारो माणसांच्या चेहऱ्यांवरच्या लकाकणाऱ्या नजरा. गर्दीचा रेटा छातीवर येत होता, मनगटं दुखत होती, आणि दोन्हीकडचा हात सुटणार नाही याची तुला खात्री होती.

मैत्री म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर तू याहून जास्त काही सांगू शकणार नाहीस.

२७ आणि २८ डिसेंबरला अधिवेशन झालं. सारा कमी करावा, कर्जाचं ओझं हलकं करावं, न परवडणाऱ्या तुकड्यांच्या शेतकऱ्याला सूट मिळावी, असा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. तू मागे उभा राहून ऐकत होतास. बाबांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे, म्हणून ते शब्द तुला लगेच कळले. मग टिळकनगर उठलं, पाहुणे गेले, आपापल्या आळ्या परत आल्या. फेब्रुवारीत निवडणुका झाल्या. तुझ्या घरात मात्र तुझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं.

आता परत मेमध्ये ये. डहाळे पोचले आहेत.

ते ज्या मांडवावर चढणार, तो घालायला घरात पैसे नव्हते, निदान जेवढे लागतात तेवढे नव्हते. बाबा सावद्याला जाऊन आणखी थोडं उचलणार होते. हे सुताराच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मजुरीचा विषय बाबांनी काढला, तर त्याने करवत उचलली आणि कामाला लागला. तडव्याने बांबू आणले होते. शेतात एकमेकांची इर्जिक करतात तशी ही मांडवाची इर्जिक. बदल्यात एक जेवण, बस. बाबा ओट्यावर बसून बघत राहिले. त्या रात्री त्यांनी सावद्याला जायचं रद्द केलं.

दुपारी तुला हळद लागते. मायचा हात गालांवरून फिरतो, मग काकू, मामी, आत्या. बायका गात असतात, पोरं हसत असतात, आणि तुझ्या हाती लिंबू टोचलेली कट्यार येते. ती आता लग्न लागेपर्यंत खाली ठेवायची नाही. नवरदेवाला एकटं सोडायचं नसतं, हा नियम घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. बाहेरचं काही लागू नये, नजर होऊ नये, म्हणून कुणीतरी सतत सोबत हवं. चुलतभाऊ दिवसभर राबून दमलेत, आडवे झालेत. रात्री तुझ्याजवळ बसायला राहतात ते हे तिघं.

ओट्यावर तुझं अंथरूण, तुझ्या डावीकडे रंगारी, उजवीकडे तडवी, पायऱ्यांवर आडवा सुतार. चंद्र उशिरा उगवतो. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चटका. तुला झोप येत नाही. जिच्याशी लग्न होणार तिला तू एकदाच पाहिलं आहेस, तेही चार माणसांच्या मधून, मान खाली घातलेली. ती कशी असेल, तिला तू कसा वाटशील, कर्ज कधी फिटेल, बाबांचे गुडघे किती दिवस साथ देतील, हे सगळं एकदम डोक्यात येतं. तू कूस बदलतोस. रंगारी जागाच असतो.

"काय झालं?"

"काही नाही."

"भेव वाटतं?"

तू उत्तर देत नाहीस. तो उठतो, रांजणातून पाणी आणून देतो. तुझे हात हळदीने पिवळे, त्याचे निळीने निळे. पेला एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मग तो सांगतो की त्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री तोही जागा होता, आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं. एवढंच. पण तो जागा राहण्याचं कारण तुला समजतं. पायऱ्यांवरून सुतार म्हणतो, "झोपा रे आता." म्हणजे तोही जागा. तडवी काही बोलत नाही, पण त्याच्या हातातला विंझणा तुझ्या दिशेला हलतोय, आणि कधीपासून हलतोय ते तुला आठवत नाही.

सकाळी एक पेच उभा राहतो.

लग्नात प्रत्येकाचा मान ठरलेला आहे. मामा नवरदेवाच्या मागे उभा राहणार. बहीण करवली. नवरीचा भाऊ तुझा कान पिळणार आणि त्याबद्दल आहेर घेणार. जावयांचा मान, व्याह्यांचा मान, कुंभाराचा, न्हाव्याचा, परटाचा मान. नाती आणि कामं, दोन्हींना मांडवात जागा आहे. मित्राला मात्र काही नाही. त्याला कुणी शेला देत नाही, कुणी हाक मारून पुढे बोलावत नाही. तो पाणी वाढतो, गाड्या जुंपतो, दिवे लावतो आणि फोटो असता तर त्यात कुठे नसता. तुला हे आज पहिल्यांदा खुपतं.

म्हणून तू बाबांना एक मागणं घालतोस. वरधाव्याचा मान रंगाऱ्याच्या पोराला द्यावा.

वरधावा म्हणजे वराच्या आधी घोड्यावरून पुढे जाऊन नवरीच्या मांडवात वर्दी देणारा. हा मान घरातल्याचा, भावाचा किंवा चुलतभावाचा. काकांचा चेहरा उतरतो. घरात पोरं नाहीत का, असं ते मोठ्याने विचारतात. भाऊबंद गोळा होतात. तू मान खाली घालून उभा आहेस, हातात कट्यार, अंगाला हळद, आणि तुझ्या तोंडून भांडण निघू नये म्हणून ओठ घट्ट आवळलेले. त्या दिवशी नवरदेवाला नाही म्हणायचं नसतं, हे तुझं एकच बळ. बाबा बराच वेळ गप्प बसतात. मग ते काकांना बाजूला घेतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण मांडवाकडे हात करून काही दाखवतात. काका परत येतात तेव्हा म्हणतात, "बरं. पण घोड्यावरून पडला तर मले बोलायचं नाही." आणि सगळे हसतात.

रंगारी कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. तो तुझ्याकडे येत नाही. तो सरळ घरी जातो आणि एक फेटा घेऊन येतो. तांबडा, असा गडद तांबडा की उन्हात धरला तरी फिका पडत नाही. तुझ्यासाठी त्याने महिनाभर आधी रंगवून ठेवलेला. आता तो स्वतःच तुला बांधतो. तू पाटावर बसलास, तो समोर गुडघ्यावर. कापडाचं एक टोक त्याच्या दातांत, दुसरं तुझ्या कानावरून फिरतं. त्याची बोटं तुझ्या डोळ्यांसमोरून जात राहतात. नखांच्या कडांना बसलेली निळी रेघ, जी कितीही घासली तरी जाणार नाही. तर्जनीवर जुन्या भाजल्याचा डाग. प्रत्येक वेढ्याला तो कापड ओढतो आणि अंगठ्याने दाबतो. शेवटचं टोक खोचून झाल्यावर तो दोन्ही तळवे तुझ्या डोक्यावर ठेवतो, फेटा घट्ट बसला का हे पाहायला. तळवे तिथे गरजेपेक्षा थोडे जास्त राहतात. तू वर पाहतोस. त्याचे डोळे भरलेले आहेत, आणि तो म्हणतो, "बसला नीट."

खंडोबाच्या देवळात नारळ फुटतो आणि वऱ्हाड निघतं. दुपार कललेली, ऊन अजून तापलेलं. आमोद्याजवळ मोर नदीचं पात्र कोरडं पडलंय, वाळू भाजतेय. तुझ्या गाडीचं चाक वाळूत रुततं. बाशिंग बांधलेल्या नवरदेवाने खाली उतरायचं नाही. सुतार आणि तडवी खाली उडी मारतात, एक चाकाला खांदा लावतो, दुसरा आऱ्यांत हात घालून उचलतो. तू वर बसून त्यांच्या पाठी बघतोस. नव्या सदऱ्यांवर घामाचे डाग पसरतायत. ते सदरे त्यांनी तुझ्या लग्नासाठी शिवले, हे तुला माहीत आहे. सुताराने खादीचा शिवला, कारण टिळकनगरात तुम्ही चौघांनी तसं ठरवलं होतं. तुझ्या अंगात उठून खाली उडी मारायची ओढ इतकी येते की मामा तुझा दंड धरतो. चाक निघतं. तडवी गाडीच्या कडेला हात धरून चालत राहतो, पार नदी ओलांडेपर्यंत.

बामणोदला मारुतीच्या पारावर तुला उतरवतात. रंगारी घोड्यावरून पुढे गेलाय, न पडता. थोड्या वेळाने मांडवाकडून सनईचा आवाज वाढतो, म्हणजे वर्दी पोचली. तिथे त्याला ओवाळलं असेल, गूळ-पाणी दिलं असेल, नवरदेवाचा माणूस म्हणून कुणी अदबीने बसवलं असेल. आज एका अनोळखी गावात त्याची ओळख तुझ्यावरून झाली. तुला त्याचा आनंद स्वतःच्या लग्नाच्या आनंदाहून कमी वाटत नाही.

गोरज होते. गुरं परतल्याची धूळ अजून हवेत आहे. बोहल्यासमोर तू पाटावर उभा आहेस, पुढे अंतरपाट, मागे मामा. गर्दी दाटते. गॅसबत्त्या लागल्या आहेत, त्यांच्याभोवती किडे. सगळ्यांना नवरीचा चेहरा पाहायचाय, मागचे पुढच्यांना ढकलतात, पोरं पायांतून शिरतात. मंगलाष्टकं सुरू होतात. आणि तुला डाव्या-उजव्या बाजूला काही हालचाल जाणवते.

तिघं आले आहेत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, पंचांगात त्यांची जागा लिहिलेली नाही. ते तुझ्या शेजारी उभे राहतात आणि तोंडं गर्दीकडे करतात. एकमेकांची मनगटं धरतात. गर्दीचा रेटा येतो, थांबतो. तुझ्याभोवती हातभर मोकळी जागा तयार होते, वारा येण्याइतकी. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षतांचा पाऊस पडतो. तू नवरीकडे पाहतोस, ती तुझ्याकडे. तिच्या डोळ्यांतही तीच भीती असते, आणि ती पाहून तुझी भीती उतरते. त्या क्षणाला तुझ्या अगदी जवळ असलेली ती तीन माणसं तो क्षण पाहू शकत नाहीत. त्यांच्या पाठी तुझ्याकडे आहेत. अक्षता त्यांच्या खांद्यांवर पडतात.

तुझा गळा दाटतो. लोकांना वाटतं लग्नामुळे. ते खरंही आहे. नवरीवरचं प्रेम अजून यायचंय, ते वर्षं घेईल, संसार घेईल. या तिघांवरचं प्रेम मात्र आत्ता या क्षणी पूर्ण भरलेलं आहे, आणि लग्न लागताना ते मनात आहे म्हणूनच तू धीराने उभा राहू शकतोस. एका माणसाशी जन्माची गाठ बांधायचं बळ बहुतेकांना याआधीच्या एखाद्या घट्ट गाठीतून मिळालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी फैजपुरात, तुमच्याच मांडवात गावजेवण. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, तूप. पंगती आळीआळीने बसतात. तडव्याचं पान ओट्याच्या कडेला वेगळं मांडलंय. तसंच असतं, त्याला त्याचं नवल नाही, तो बसतोही. तुला मात्र गाडीखालची ती भाकरी आठवते. तू पंगतीतून उठतोस आणि वाढप्याच्या हातून तुपाचं भांडं घेतोस. आधी रंगाऱ्याला वाढतोस, मग सुताराला, मग ओट्याकडे जाऊन तडव्याच्या बट्टीवर धार धरतोस. तो "बस, बस" म्हणतो, तू थांबत नाहीस. मग भांडं बाजूला ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसतोस आणि म्हणतोस, "मले पन भूक लागली." त्याच्या पानातली बट्टी तू मोडतोस. मांडवात शांतता पसरते. काकू तोंडाला पदर लावते. बाबा तुझ्याकडे बघतात, आणि मग मोठ्याने वाढप्याला हाक देतात, वरण इकडे आण म्हणून.

गाव यामुळे बदललं नाही. पुढच्या लग्नातही पानं वेगळीच मांडली गेली. असे बदल फार हळू झाले आणि त्यासाठी माणसांनी जिवावर बेतणारी किंमत मोजली. तुझ्या लग्नानंतर दहा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, त्याच साने गुरुजींना पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. पण कुणाला शेजारी उभं करायचं आणि कुणाबरोबर जेवायचं हा प्रश्न देवळाच्या दारात पोचण्याआधी घराघरांतल्या मांडवात येऊन गेला होता, आणि तिथे काहींनी त्याचं उत्तर दिलं होतं.

ते उत्तर शोधणारा तू पहिला नव्हतास. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सीताराम जबाजी आल्हाट यांचं लग्न सत्यशोधक पद्धतीने लागलं, भटजीवाचून. तेव्हा नवरदेवाच्या पाठीशी विधी नव्हता, रूढी नव्हती. होती ती जोतीराव-सावित्रीबाईंची आणि सोबतच्या सत्यशोधकांची माणसांची भिंत. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवऱ्याशेजारी धेडो उभा राहतो, तिथे सोबत्याला मानाची जागाच ठरलेली आहे. आणि १८७२च्या विवाह कायद्याने, धर्मविधीशिवाय लग्न करणाऱ्यांसाठी, निबंधकासमोर तीन साक्षीदार लागतील असं लिहून ठेवलं होतं. १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही ते तीन साक्षीदार राहिले. आपल्या परंपरेने मित्राला जी जागा दिली नाही ती कायद्याच्या कागदावर आली.

आता आपल्या काळात ये. फैजपुरात उन्हाळा तसाच आहे, केळीच्या बागा शिवारभर पसरल्या आहेत, धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय गावात उभं आहे. लग्नाच्या हॉलबाहेर एकाच रंगाचे फेटे घातलेले नवरदेवाचे दोस्त नाचतायत. कुणी पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलाय, कुणी सुट्टी मिळत नसताना आलाय, कुणी आपल्या लग्नाचं कर्ज फेडत असताना याच्या आहेरासाठी पैसे बाजूला काढलेत. त्यांची थट्टा करणं सोपं आहे. मला ती करवत नाही. त्यांच्यातल्या एखाद्याने नवरदेवाच्या मानेवरचा घाम रुमालाने टिपताना मी पाहिलंय, आणि त्या हाताची ओळख मला पटते.

खेद एवढाच की नवरदेव त्यांना काही सांगत नाही. आपल्याकडे पुरुष मित्रावरचं प्रेम बोलून दाखवत नाहीत, पाठीत थाप मारून मोकळे होतात. १९३७ सालच्या त्या पोरालाही ते बोलता आलं नाही. पण त्याने घरात वाद ओढवून घेऊन मित्राला वरधावा केलं. त्याने तुपाचं भांडं हातात घेतलं. त्याने आपल्या प्रेमाला जागा करून दिली, चारचौघांत, जिथे ते सगळ्यांना दिसेल.

तुझं लग्न ठरलं असेल, तर तुझ्या हाती त्याच्यापेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बहुतेक वेळा त्या घाईत होतात, जो समोर दिसेल त्याला बोलावून. तसं करू नकोस. तारीख धरताना ते तिघं ठरव. ज्यांनी तुझ्यासाठी गर्दीचा रेटा अंगावर घेतला, ज्यांच्याशेजारी तू रात्री जागा राहिलास, ज्यांना तुझ्या घरच्या पंगतीत बसवावं की नाही याचा अजूनही कुणी विचार करतो, त्यांना आधी विचार. त्यांना कारण सांग, तोंडाने सांग, आणि सही करायला पेन त्यांच्या हाती दे. तुझ्या संसाराच्या पहिल्या कागदावर त्यांची नावं कायमची राहतील. फैजपूरच्या त्या तिघांना हे मिळालं नाही. तुझ्या तिघांना मिळायला हवं.